मूल पुढे वाईट मार्गाला लागू नये म्हणून तीन ते पाच या वयात नेमकं काय करायचं

बालवाडीत ॲडमिशनला आलेले पालक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, लिहायला कधी शिकवणार? मी बरीच वर्षं लहान मुलांना शिकवतेय आणि दरवेळी मनात येतं की यांनी खरं तर हे विचारायला हवं होतं, की माझ्या पोराने दुसऱ्याला ढकललं तर त्या क्षणी तुम्ही काय करता? कारण लहानपणीचं शिक्षण आणि मोठेपणची गुन्हेगारी यांचा जो संबंध सापडलाय तो अआइई मधून जातच नाही, तो या ढकलाढकलीतून, रांगेत थांबण्यातून, रडू आवरण्यातून जातो.

हे मी कशावरून म्हणतेय ते आधी सांगते, मग करायचं काय त्याच्याकडे वळू.

अमेरिकेत मिशिगन राज्यात यप्सिलँटी नावाचं छोटं शहर आहे, तिथे १९६२ मध्ये डेव्हिड वायकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरी प्रीस्कूलचा प्रयोग सुरू केला. एकूण १२३ मुलं, सगळी गरीब कृष्णवर्णीय घरांमधली, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली आणि ६५ जणांना नाही, आणि कोणाला मिळणार हे जवळपास चिठ्ठ्या टाकूनच ठरलं. रोज सकाळी अडीच तास शाळा, एका टीचरमागे पाचसहाच मुलं, आणि आठवड्यातून एकदा टीचर स्वतः घरी जाऊन दीडेक तास आई आणि मुलाबरोबर बसायच्या. बस्स, एवढंच. बहुतेक मुलांना ही दोन वर्षं मिळाली. पण नंतर या सगळ्यांचा माग पार चाळिशीपर्यंत काढला गेला. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले बालवाडीवाल्या गटात ७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के. चाळीसपर्यंत तेच आकडे ३६ आणि ५५ झाले.

आता यातली खरी विचार करायला लावणारी गोष्ट. या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला चांगला वाढला होता, सगळे खूश होते, आणि मग साधारण आठव्या वर्षापर्यंत तो फरक विरून गेला. म्हणजे हुशारी वाढली म्हणून गुन्हे कमी झाले असं म्हणायला जागाच उरली नाही. मग काय टिकलं? नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच मुलांचा डेटा परत तपासला आणि त्यांना दिसलं की टिकला तो स्वभावातला बदल, मारामारी, चिडचिड, नियम मोडणं हे कमी झालं होतं, आणि गुन्ह्यातला फरक बराचसा त्यातूनच आला होता. बोस्टनमध्येही असंच काहीसं झालं, तिथे १९९७ ते २००३ मध्ये सरकारी प्रीस्कूलच्या जागा लॉटरीने दिल्या गेल्या, जागा मिळालेल्या मुलांचे परीक्षेतले मार्क काही वाढले नाहीत पण शाळेतून सस्पेंड होणं कमी झालं, अल्पवयात कोठडीत जाणं कमी झालं आणि कॉलेजात जाणारे वाढले.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते नाहीतर लोक उगाच घाबरतात. बालवाडीत न गेलेलं मूल गुन्हेगार होतं असा याचा अर्थ अजिबात नाही, पेरीच्या बालवाडी न मिळालेल्या गटातसुद्धा चाळिशीपर्यंत पाच वेळा अटक न झालेले ४५ टक्के होतेच की. आणि अटक होणं म्हणजे गुन्हा केलाच असं नसतं, पोलीस कुठल्या वस्तीत जास्त फिरतात त्यावरही ते अवलंबून असतं. शिवाय प्रत्येक चांगल्या प्रोग्रामने गुन्हे कमी केले असंही नाही, नॉर्थ कॅरोलायनातला ॲबेसिडेरियन नावाचा प्रोग्राम १९७२ मध्ये सुरू झाला, त्यात मुलांना तान्हेपणापासून दिवसभर सांभाळलं, शिक्षणात खूप फायदा दिसला, पण एकविसाव्या वर्षापर्यंतच्या गुन्ह्यांत फरक सापडला नाही. त्यामुळे मी पुढे जे सांगतेय ती गॅरंटी म्हणून घेऊ नका, पारडं कुठल्या बाजूला झुकतं एवढंच बघा. आणि चार वर्षांच्या पोराला, हा पुढे जाऊन गुंड होणार, असं त्याच्या देखत तर सोडाच, मनातही म्हणू नका. पोरं ऐकतात आणि तसंच वागायला लागतात.

आता पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं हेच आहे, म्हणजे हात उगारला जातो तो क्षण.

कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रॉम्बले यांनी आयुष्यभर हाच विषय धरला आणि त्यांचं म्हणणं असं की माणूस सगळ्यात जास्त मारामारी करतो ती तरुणपणी नाही, दोन ते चार वर्षांच्या वयात. म्हणजे मूल मारायला कुठून शिकतं हा प्रश्नच उलटा आहे. मारणं त्याला येतंच, न मारणं शिकावं लागतं, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलं ते शिकतात. थोडी राहून जातात आणि त्यांचं पुढे अवघड होतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की मारणाऱ्या पोराकडे बघायची आपली नजरच बदलते, तो वाईट वाटत नाही, त्याचा एक धडा राहिलाय एवढंच वाटतं.

एक उदाहरण सांगते. साडेतीन वर्षांचा एक मुलगा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसला होता, चांगला त्याच्या छातीपर्यंत आला होता. बाजूने एक मुलगी आली आणि तिने मधलाच एक ठोकळा उचलला, झालं, सगळा मनोरा धाडकन खाली. त्याच्या हातात एक ठोकळा होताच, तो हात वर गेला. मी दोन पावलांवर होते म्हणून बरं. मी खाली बसले, म्हणजे माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल इतकी खाली, त्याचं मनगट धरलं, आवळलं नाही नुसतं धरलं, आणि म्हटलं, मारू देणार नाही मी. आणि मग गप्प बसले. हे गप्प बसणं फार कठीण असतं, आपल्याला लगेच काहीतरी शिकवायचं असतं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, खांदे वर चढले होते, पंधरावीस सेकंद तसाच. मग खांदे जरा खाली आले तेव्हा म्हटलं, तुझा मनोरा पडला, तुला राग आला. मग त्याला रडू फुटलं. रडू आलं की समजायचं आता ऐकू जायला लागलं. मग म्हटलं, तिला सांग, माझा मनोरा होता, हात नको लावू. तो काही बोलला नाही त्या दिवशी. पण ठोकळा खाली ठेवला. नंतर त्या मुलीला म्हटलं चल, पाडलास ना, आता त्याला ठोकळे आणून दे, आणि तिने आणून दिले एकेक करून.

यातला क्रम लक्षात ठेवा कारण तो उलटा केला की काही उपयोग होत नाही. आधी हात थांबवायचा आणि एकच छोटं वाक्य बोलायचं. मग शांत व्हायची वाट बघायची. मग काय झालं आणि त्याला काय वाटलं ते त्याच्यासाठी आपण शब्दांत सांगायचं, मग हाताऐवजी वापरायचं एक वाक्य त्याच्या तोंडी द्यायचं, आणि शेवटी जे मोडलं ते दुरुस्त करायला लावायचं. सॉरी म्हण, सॉरी म्हण असं डोक्यावर बसून म्हणायला लावू नका, त्यातून पोरं एवढंच शिकतात की सॉरी म्हटलं की सुटका होते. आणि मारलं म्हणून त्यालाच फटका देणं, हे तर शंभर टक्के बंद करा, कारण मोठ्या माणसाला राग आला की तो मारतो आणि ते चालतं हेच त्याला दिसतं. दमला असाल, तुमचाच आवाज चढायला लागला असेल, तर मुलाला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला जा, त्यात काही कमीपणा नाही, उलट मोठी माणसं राग कसा आवरतात ते त्याला बघायला मिळतं.

आणि हे एकदा करून होणार नाही. शेकडो वेळा करावं लागेल. तो ठोकळेवाला मुलगा चार महिन्यांनी एकदा दुसऱ्या कोणावर तरी खेकसला, हात नको लावू, माझं आहे, हात खालीच. त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

दुसरं काम, दिवसाचा प्लॅन. पेरीची जी पद्धत होती तिचा कणाच हा होता, की मुलाने आधी ठरवायचं मी काय करणार, मग ते करायचं, मग काय झालं ते सांगायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण नीट विचार करा, पुढे जे तरुण काहीतरी भलतंच करून बसतात त्यातल्या कितीतरी जणांचं हेच झालेलं असतं की डोक्यात आलं आणि हात चालला, मध्ये काहीच नव्हतं. ते मधलं काहीतरी इथे तयार होतं. घरी करायचं तर सकाळी किंवा खेळायला बसायच्या आधी विचारा, आज काय करणार तू? गाडी, म्हणाला तर पुढचा एकच प्रश्न विचारा, गाडी कुठे जाणार? मग त्याला करू द्या, मध्ये शिकवायला जाऊ नका. संध्याकाळी पाच मिनिटं, काय ठरवलं होतंस, काय झालं? गाडीचा पूल झाला असेल तर पूल का झाला ते ऐका. चूक काढायची नाही, ठरवलेलं बदललं म्हणून रागवायचं नाही, नुसतं ठरवणं आणि आठवणं या दोन गोष्टींची सवय लावायची.

तिसरं म्हणजे थांबणं. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे, तीन ते अकरा या वयात त्यांचा स्वतःवर ताबा किती ते मोजलं होतं, आणि बत्तिसाव्या वर्षी बघितलं तर ताबा सगळ्यात कमी असलेल्या गटातल्या ४३ टक्के लोकांना कोर्टात शिक्षा झाली होती आणि सगळ्यात जास्त ताबा असलेल्या गटातल्या १३ टक्के लोकांना. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशोबात धरूनही फरक राहिला.

आता थांबणं शिकवायचं म्हटलं की लोकांना वाटतं पोराला ताटकळत ठेवायचं. नाही हो. थांबायचा सराव खेळातून होतो, स्टॅच्यूचा खेळ, गाणं थांबलं की थांबायचं, आळीपाळीने चेंडू टाकायचा, माझी पाळी तुझी पाळी. पण खेळापेक्षा मोठी गोष्ट आहे तुमचा शब्द. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांवर एक छोटा प्रयोग झाला होता, आधी एका मोठ्या माणसाने काही मुलांना दिलेला शब्द पाळला आणि काहींना दिलेला मोडला, आणि मग सगळ्यांना सांगितलं की समोरचा खाऊ आत्ता खाल्ला नाही तर नंतर दुप्पट मिळेल. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीनच मिनिटं. म्हणजे न थांबणारं पोर हावरट असतंच असं नाही, नंतर मिळेल याच्यावर त्याचा विश्वासच नसतो आणि त्याच्या अनुभवाने ते बरोबरच असतं! तेव्हा पाच मिनिटांत येते म्हणालात तर पाच मिनिटांत या. जमणार नसेल तर म्हणू नका. उद्या आणतो म्हणालात आणि विसरलात तर दुसऱ्या दिवशी तुम्ही होऊन कबूल करा, मी विसरलो, माझी चूक. मुलाला हे फार मोठं वाटतं.

आता शाळा निवडायची असेल तर. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण बालवाडी म्हणजे चांगलीच असं नसतं, वाईट बालवाडीने नुकसान होतं आणि तेही आकड्यांत दिसलंय. कॅनडात क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये सगळ्यांसाठी अगदी स्वस्त, दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरं सुरू केली, मुलांची संख्या भराभर वाढली, आणि पुढे संशोधकांना त्या मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणा वाढलेला दिसला, ती मोठी झाल्यावर तरुणांमधले गुन्हेही वाढलेले दिसले, विशेषतः मुलग्यांत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या सरकारी प्री-केचंही, म्हणजे केजीच्या आधीच्या वर्गाचंही, तसंच, जवळजवळ तीन हजार मुलांचा अभ्यास, आणि सहावीपर्यंत पोचल्यावर त्या मुलांचे मार्कही कमी आणि शिस्तीच्या तक्रारीही जास्त. आणि पेरीच्याच टीमने नंतर तीन वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली होती, त्यात ज्या मुलांना टेबलाशी बसवून टीचरच्या मागोमाग घोकायला लावलं होतं त्यांच्यात तेविसाव्या वर्षी गंभीर गुन्ह्यांसाठी अटक झालेले इतरांपेक्षा जास्त निघाले. तो अभ्यास ६८ मुलांचाच होता म्हणून त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण तीन वर्षांच्या पोराला तासन्तास बसवून वह्या भरून घेणारी शाळा मी स्वतः कधीच निवडणार नाही.

त्यामुळे शाळेचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अर्धा तास वर्गात बसायची परवानगी मागा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. बसल्यावर भिंतीवरची चित्रं बघू नका, मोठ्या माणसांचे गुडघे बघा, म्हणजे ती किती वेळा खाली मुलांच्या उंचीवर येतात ते. एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत मोजा. कोणी रडायला लागलं तर किती वेळाने कोणीतरी जवळ जातं ते घड्याळात बघा. मुलं आपापसात बोलतायत का सगळा वेळ टीचरच बोलतायत ते ऐका. मग बाहेर येऊन तीनच प्रश्न विचारा. एखाद्याने दुसऱ्याला चावलं तर तुम्ही काय करता? गेल्या वर्षी किती टीचर सोडून गेल्या? आणि कधी कुठल्या मुलाला वागणुकीमुळे काढून टाकलंय का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. अमेरिकेत २००५ मध्ये वॉल्टर गिलियम यांनी हिशोब काढला तर मोठ्या मुलांच्या शाळांपेक्षा प्रीस्कूलमधून मुलांना काढून टाकायचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. ज्याला न मारायला शिकायची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच दारातून बाहेर, याचा मला मनापासून संताप येतो. माझ्याकडे असं एक मूल आलं होतं, चार वर्षांचं, दोन ठिकाणांहून काढलेलं, पहिल्या दिवशी त्याने दारातच विचारलं, मला कधी घरी पाठवणार?

टीचर असाल तर पालकांना आत घ्या. शिकागोमध्ये चाइल्ड पेरेंट सेंटर्स १९६७ पासून आहेत, शाळेतच पालकांसाठी वेगळी खोली, पालकांनी आठवड्यातून अर्धा दिवस यायचं, आणि तिथल्या दीड हजारावर मुलांच्या अभ्यासात अल्पवयात अटक झालेली मुलं १६.९ टक्के आणि तशाच वस्त्यांतल्या, या सेंटरमध्ये न गेलेल्या मुलांत २५.१ टक्के. पालकांना बोलावलं की आपण तक्रारीच सांगतो, ते आधी थांबवा. तीन चांगल्या गोष्टी सांगितल्याशिवाय चौथी वाईट सांगायची नाही असा मी नियम केलाय आणि तेव्हापासून वडीलही यायला लागले.

मूल तीनच्या आतलं असेल तर एवढं काही लागत नाही. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून एक तास जायच्या, घरातल्याच वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला दाखवायच्या, आणि बावीस वर्षांची झाल्यावर ती मुलं कमी भांडत होती, हिंसक वागणं कमी होतं. रिकामा डबा आणि त्यात खुळखुळणारं काहीतरी, आणि त्याच्याकडे बघून बोलणारं माणूस. फोन खाली ठेवून. खाणं, झोप आणि मोकळ्यावर खेळणं हेही सोडू नका, मॉरिशसमध्ये तीन ते पाच वयाच्या शंभर मुलांना चांगलं जेवण, व्यायाम आणि शिक्षण असं एकत्र दिलं होतं आणि तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच सांगितलेले गुन्हे इतरांपेक्षा कमी होते.

आणि मूल सहासात वर्षांचं झालं असेल, शाळेतून रोज चिठ्ठी येत असेल, तर उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. माँट्रियालमध्ये केजीतच मारामारीसाठी नाव झालेल्या गरीब घरांतल्या मुलग्यांना सात ते नऊ या वयात मित्रांशी वागायचं शिकवलं आणि घरी पालकांनाही शिकवलं, तर चोविसाव्या वर्षी गुन्ह्याची नोंद असलेले साधारण २२ टक्के निघाले, मदत न मिळालेल्यांत ३३. सुरुवात करायला एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे प्रत्येक भांडणाच्या तीन गोष्टी लिहा, आधी काय झालं होतं, त्याने काय केलं, आणि नंतर त्याला काय मिळालं. भूक लागलेली असते, का झोप अपुरी असते, का भांडल्याशिवाय त्याच्याकडे कोणी बघतच नसतं, हे पाचसहा दिवसांतच त्या कागदावर दिसायला लागतं. ती वही घेऊन त्याच्या टीचरना भेटा, आणि त्यांच्याकडेही तशीच एक ठेवायला सांगा.